मॉनिटरचा रिफ्रेश दर, प्रतिसादकाल आणि संगणकीय खेळांतील दृश्यानुभव

सारांश

संगणकीय खेळांसाठी मॉनिटर निवडताना रिफ्रेश दर व प्रतिसादकाल हे दोन आकडे निर्णायक मानले जातात. प्रत्यक्षात हे दोन्ही आकडे परस्परांहून भिन्न अशा प्रक्रियांचे निदर्शक आहेत. त्यांपैकी कोणताही एक आकडा एकट्याने दृश्याच्या स्पष्टतेची हमी देऊ शकत नाही. ऋण किरण नलिकेच्या पडद्यापासून द्रव स्फटिकांच्या व ओलेड पडद्यापर्यंत झालेल्या स्थित्यंतराचा आधार घेऊन या दोन संकल्पना, त्यांच्या मापनातील संदिग्धता, हलत्या चित्रात निर्माण होणारा धूसरपणा आणि खेळाडूच्या कामगिरीवर होणारा परिणाम यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : रिफ्रेश दर, प्रतिसादकाल, चौकट-दर, द्रव स्फटिक, धूसरपणा, विलंब.

१. प्रस्तावना

संगणकीय खेळ हा आता केवळ फावल्या वेळेचा विषय राहिलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-स्पोर्ट्सचा समावेश क्रीडा विभागाच्या कार्यकक्षेत केला. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्ससाठी प्रथमच अधिकृत पदके ठेवण्यात आली. दुसरीकडे ॲनिमेशन व गेम डिझाइन यांचे अभ्यासक्रम महाविद्यालयांत रुजले आहेत. त्यामुळे अशा प्रयोगशाळांसाठी मॉनिटरचे तांत्रिक निकष ठरवण्याचे काम खरेदी समितीवर बसणाऱ्या प्राध्यापकांकडे येते. दरपत्रकांत मात्र ‘१४४ हर्ट्झ’, ‘१ मिलिसेकंद’ असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. ते कशाचे, कोणत्या परिस्थितीत व कोणत्या पद्धतीने मोजले, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. मोठा आकडा म्हणजे चांगला पडदा, अशी समजूत त्यातून दृढ होते आणि संस्थेचा वा विद्यार्थ्याच्या पालकांचा पैसा अनेकदा अस्थानी खर्च होतो. म्हणूनच या आकड्यांमागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे ठरते.

२. हलत्या चित्राचा आभास

पडद्यावर कोणतीही वस्तू खरोखर हलत नसते. थोड्याथोड्या फरकाची स्थिर चित्रे एकापाठोपाठ एक दाखवली की मानवी दृष्टी त्यांतून सलग गती निर्माण करते. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी पुरेशा मानल्या गेल्या. परंतु फिल्मच्या प्रक्षेपकात प्रत्येक चौकट दोन किंवा तीन वेळा प्रकाशित केली जाई. म्हणजे प्रकाशाची उघडझाप सेकंदाला ४८ अथवा ७२ वेळा होई. गती सलग भासणे आणि प्रकाश न लुकलुकणे या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे यावरून ध्यानात येते.

चित्रपटाला २४ चौकटी पुरतात, मग खेळांना १४४ कशासाठी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर चौकटीच्या स्वरूपात आहे. चित्रपटाच्या कॅमेऱ्याची झडप सामान्यतः एका सेकंदाच्या ४८ व्या भागाइतकी उघडी असते. तेवढ्या वेळात हललेल्या वस्तूची पुसट रेघ फिल्मवर उमटते आणि ती दोन चौकटींमधील अंतर डोळ्याला जाणवू देत नाही. संगणकाने रेखाटलेली चौकट मात्र काळाच्या एका बिंदूवर गोठलेली, कडा धारदार असलेली असते. क्रिकेटच्या खेळातील वेगवान चेंडू चौकटी कमी असतील तर गोलंदाजाच्या हातातून यष्टीपर्यंत टप्प्याटप्प्याने उड्या मारत गेल्यासारखा दिसतो. शिवाय चित्रपटाचा प्रेक्षक केवळ पाहतो, तर खेळाडू पाहून कृती करतो आणि त्या कृतीचा परिणाम पुन्हा पडद्यावर शोधतो. यामुळे खेळात चौकटींची संख्या अधिक लागते.

३. रिफ्रेश दर

पडदा दर सेकंदाला जितक्या वेळा नव्याने रेखाटला जातो, त्या संख्येस रिफ्रेश दर असे म्हणतात. हर्ट्झ हे त्याचे एकक होय. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका चित्राचा अवधी १६.६७ मिलिसेकंद, १४४ हर्ट्झच्या पडद्यावर ६.९४ मिलिसेकंद आणि २४० हर्ट्झच्या पडद्यावर ४.१७ मिलिसेकंद असतो.

कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केलेल्या ऋण किरण नलिकेवर आधारलेल्या जुन्या मॉनिटरमध्ये या दराचा संबंध प्रथमतः लुकलुकण्याशी होता. इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्यावर डावीकडून उजवीकडे व वरून खाली फिरत असे. तिचा स्पर्श झालेला फॉस्फरचा ठिपका क्षणभर उजळे व बहुतेक मॉनिटरांत एक-दोन मिलिसेकंदांतच मंदावे. पडदा बराचसा वेळ काळोखाच असे. त्यामुळे ६० हर्ट्झवर अनेकांना लुकलुक जाणवे, डोळे शिणत, आणि म्हणून दर ७५ किंवा ८५ हर्ट्झ ठेवण्याचा सल्ला दिला जाई.

द्रव स्फटिकांच्या, म्हणजे एलसीडी पडद्यामध्ये ही अडचण उरली नाही. तेथे मागील प्रकाश अखंड तेवत असतो आणि प्रत्येक चित्रबिंदू नवी आज्ञा मिळेपर्यंत आपला रंग धरून ठेवतो. साहजिकच ६० हर्ट्झ हा दर कार्यालयीन कामाला पुरेसा ठरला आणि रिफ्रेश दराचा विषय काही वर्षे मागे पडला. खेळांमुळे तो पुन्हा ऐरणीवर आला, पण आता प्रश्न लुकलुकण्याचा नसून गतीच्या स्पष्टतेचा होता.

येथे एक भेद कटाक्षाने लक्षात ठेवावा लागतो. रिफ्रेश दर हा पडद्याचा गुण आहे. दर सेकंदाला किती नव्या चौकटी तयार होतात हा चौकट-दर मात्र संगणकाच्या प्रक्रियकावर, ग्राफिक्स कार्डावर आणि खेळाच्या दृश्य-तपशिलावर अवलंबून असतो. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ५० चौकटीच देऊ शकत असेल, तर १४४ हर्ट्झचा पडदा त्याच चौकटी पुन्हापुन्हा दाखवील. मोठे भांडे आणले म्हणून नळाची धार वाढत नाही, तसाच हा प्रकार होय.

४. प्रतिसादकाल

एका चित्रबिंदूला एका छटेतून दुसऱ्या छटेत जाण्यासाठी लागणारा वेळ म्हणजे प्रतिसादकाल. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांनी १८८८ मध्ये द्रव स्फटिकांचे विलक्षण वर्तन नोंदवले. द्रवासारखे वाहणारे, तरीही स्फटिकासारखी रेणुरचना राखणारे हे पदार्थ विद्युत् दाबानुसार आपली दिशा बदलतात आणि त्यांमधून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचे प्रमाण कमीअधिक होते. हे बदलणे म्हणजे रेणूंचे प्रत्यक्ष वळणे असल्याने त्याला वेळ लागतो. फॉस्फरच्या ठिपक्याला अशी काही हालचाल करावी लागत नव्हती.

सन २००० च्या सुमारास एलसीडी मॉनिटरांचा प्रतिसादकाल २५ मिलिसेकंद व त्याहूनही अधिक असणे सर्रास होते. चित्र १६.६७ मिलिसेकंदांनी बदलणार आणि बिंदूला त्याहून जास्त वेळ लागणार, अशा स्थितीत नव्या चित्रात जुन्याचा अंश मिसळतो. धावणाऱ्या आकृतीमागे तिची फिकट सावली ओढली जाते. या दोषाला ‘घोस्टिंग’ म्हणतात. जलद खेळ खेळणारे अनेकजण त्या काळी अवजड ऋण किरण नलिकांनाच चिकटून राहिले, त्याचे हे एक प्रमुख कारण होते.

प्रतिसादकालाचे मापन हा या विषयातील सर्वांत संदिग्ध भाग आहे. पूर्वीच्या आयएसओ १३४०६-२ या मानकात काळ्या छटेतून पांढऱ्या छटेत व पुन्हा काळ्या छटेत जाण्याचा काळ विचारात घेतला जाई. काळा ते पांढरा हा बदल विद्युत् दाबातील मोठ्या फरकाने घडत असल्याने तुलनेने वेगवान असतो. खेळातील दृश्ये मात्र बहुतांशी मधल्या छटांची असतात. एका करड्या छटेतून जवळच्या दुसऱ्या करड्या छटेत जाताना रेणूंना ढकलणारा फरक अल्प असतो, म्हणून तो बदल बहुधा अधिक संथ असतो. पुढे ‘करडा ते करडा’ हे मापन रूढ झाले, पण छटांच्या असंख्य जोड्यांपैकी कोणती निवडायची, हे उत्पादकाच्या हाती राहिले. साहजिकच सर्वांत वेगवान जोडीचा आकडा जाहिरातीत येतो. त्यातच प्रचलित पद्धतीत बदलाच्या १० ते ९० टक्क्यांपर्यंतचाच काळ मोजला जातो. आरंभीचा व अखेरचा रेंगाळणारा भाग हिशेबातून वगळला जातो.

पॅनेलच्या प्रकारानुसारही फरक पडतो. टीएन प्रकारचे पॅनेल वेगवान, पण त्याचे रंग व तिरप्या कोनातून दिसणारे चित्र सुमार असते. आयपीएस पॅनेल रंगांच्या बाबतीत सरस असून त्याचा वेग अलीकडच्या काळात पुष्कळ सुधारला आहे. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद मिळतो, परंतु अतिगडद छटांमधील बदल त्यातील अनेक मॉनिटरांत संथ असतो. त्यामुळे रात्रीच्या किंवा भुयारातील दृश्यांत काळसर डाग फरफटत गेल्यासारखे दिसतात. एकच ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा या तिन्ही प्रकारांच्या मॉनिटरांवर छापलेला आढळू शकतो, हे येथे विशेषत्वाने नमूद करावयास हवे.

बिंदूचा वेग वाढवण्यासाठी ‘ओव्हरड्राइव्ह’ ही युक्ती योजली जाते. इष्ट छटेसाठी लागतो त्याहून अधिक विद्युत् दाब क्षणभर दिला जातो आणि रेणू लवकर वळतात. मात्र हा जोर प्रमाणाबाहेर झाला, तर बिंदू इष्ट छटा ओलांडून पुढे जातो व मागे यावा लागतो. अशा वेळी आकृतीमागे सावलीऐवजी उजळ किनार दिसते. जाहिरातीतील किमान प्रतिसादकाल अनेकदा ओव्हरड्राइव्हच्या कमाल पातळीवर मिळवलेला असतो. त्या पातळीवर चित्र पाहण्याजोगे राहतेच असे नाही.

५. धूसरपणाचे दुसरे कारण

प्रतिसादकाल शून्यावर आणला तर धूसरपणा नाहीसा होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. ओलेड पडद्यांनी ही अपेक्षा चुकीची ठरवली. या पडद्यातील प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असून त्याचा प्रतिसादकाल एका मिलिसेकंदाचाही छोटा अंश असतो. तरीही ६० हर्ट्झवर चालणाऱ्या ओलेड पडद्यावर वेगाने सरकणारा मजकूर वाचता येत नाही. याचे मूळ पडद्याइतकेच पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे.

हलणाऱ्या वस्तूकडे पाहताना डोळे तिच्यासोबत सलग फिरतात. पडद्यावरील वस्तू मात्र सलग सरकत नाही. ती एका जागी पूर्ण चौकटभर थांबते आणि मग पुढच्या जागी उडी घेते. डोळा फिरत असताना चित्र स्थिर राहिल्याने त्याची प्रतिमा दृष्टिपटलावर पसरते. हा पसरटपणा म्हणजेच धूसरपणा. ऋण किरण नलिकेत ठिपका क्षणभरच उजळत असल्याने प्रतिमा पसरायला अवसरच मिळत नसे. जुन्या पडद्यावरील गती अधिक स्वच्छ दिसे, या अनुभवी खेळाडूंच्या म्हणण्यात म्हणूनच तथ्य आहे.

या धूसरपणाचे गणित सोपे आहे. १९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावरून एखादी वस्तू दोन सेकंदांत आडवी जात असेल, तर तिचा वेग सेकंदाला ९६० बिंदू होतो. प्रतिसादकाल शून्य मानून येणारे धूसरपणाचे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

| रिफ्रेश दर व चौकट-दर | एका चौकटीचा अवधी | धूसरपणाची रुंदी |
|---|---|---|
| ६० | १६.६७ मिलिसेकंद | १६ बिंदू |
| १२० | ८.३३ मिलिसेकंद | ८ बिंदू |
| २४० | ४.१७ मिलिसेकंद | ४ बिंदू |
| ४८० | २.०८ मिलिसेकंद | २ बिंदू |

२४ इंची पडद्यावर १६ बिंदू म्हणजे सुमारे साडेचार मिलिमीटर. दूरवरच्या प्रतिस्पर्ध्याची आकृती एवढ्या रुंदीत सहज विरघळून जाते. कोष्टकावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. दर प्रत्येक वेळी दुप्पट होतो, परंतु पदरात पडणारा लाभ निम्मा होत जातो. ६० वरून १२० वर जाताना ८ बिंदूंचा धूसरपणा कमी होतो, तर २४० वरून ४८० वर जाताना केवळ २ बिंदूंचा.

दर न वाढवता धूसरपणा घटवण्याचा मार्ग म्हणजे मागील प्रकाश प्रत्येक चौकटीत क्षणभरच पेटवणे. त्याने ऋण किरण नलिकेची स्वच्छता बऱ्याच अंशी परत मिळते. पण पडद्याची उजळता घटते आणि लुकलुकही परत येते. काही निर्माते या अवस्थेत मोजलेला ‘चलत्-चित्र प्रतिसादकाल’ जाहीर करतात. तो आकडाही ‘१ मिलिसेकंद’ असाच लिहिला जातो, मात्र त्याचा अर्थ ‘करडा ते करडा’ या मापनापेक्षा सर्वस्वी निराळा असतो. चौकटभर उजळ राहणाऱ्या पडद्यावर तो गाठायचा झाल्यास रिफ्रेश दर सुमारे १००० हर्ट्झ असावा लागेल.

६. पडदा आणि चौकटी यांचा मेळ

ग्राफिक्स कार्ड चौकटी अनियमित अंतराने तयार करते. मोकळ्या मैदानाचे दृश्य लवकर रेखाटले जाते, तर स्फोटाचे वा गर्दीचे दृश्य अधिक वेळ घेते. ठरावीक लयीत चालणारा पडदा चित्र अर्धे रेखाटत असताना मध्येच नवी चौकट आली, तर वरचा भाग जुन्या व खालचा भाग नव्या चौकटीचा दिसतो. चित्र आडवे फाटल्यासारखे वाटते. यास ‘टिअरिंग’ म्हणतात. ‘व्ही-सिंक’ या सोयीने ग्राफिक्स कार्डाला पडद्याच्या लयीसाठी थांबवून ठेवता येते, परंतु त्यामुळे विलंब वाढतो. शिवाय दोनच चौकटींचा साठा ठेवणाऱ्या व्यवस्थेत ६० हर्ट्झच्या पडद्यावर एखादी चौकट १६.६७ मिलिसेकंदांत पूर्ण झाली नाही, तर ती थेट पुढच्या फेरीत दिसते. असे सातत्याने घडल्यास चौकट-दर एकदम ३० वर उतरतो.

यावरील उपाय म्हणून पडद्यालाच ग्राफिक्स कार्डाच्या लयीने चालवण्याची कल्पना पुढे आली. एनव्हिडियाने २०१३ मध्ये ‘जी-सिंक’ जाहीर केले. २०१४ मध्ये एएमडीने ‘फ्रीसिंक’ सादर केले आणि त्याच वर्षी व्हेसा या मानक-संस्थेने ‘अडॅप्टिव्ह-सिंक’चा समावेश डिस्प्लेपोर्टच्या मानकात केला. मध्यम क्षमतेच्या संगणकावर या सोयीचा लाभ केवळ रिफ्रेश दर वाढवण्यापेक्षा अधिक जाणवतो. तथापि, १४४ हर्ट्झसाठी जुळवलेला ओव्हरड्राइव्हचा जोर पडदा ६० हर्ट्झवर उतरताच अतिरिक्त ठरू शकतो, हीदेखील वस्तुस्थिती आहे. दोन्ही संकल्पना येथे एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

७. खेळाडूची कामगिरी आणि विलंब

मार्क क्लेपूल व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नेमबाजीच्या खेळांविषयीच्या अभ्यासात, चित्रातील बिंदूंची संख्या घटल्याने कामगिरीवर फारसा परिणाम होत नाही, पण चौकट-दर घटल्याने तो लक्षणीय होतो, असे आढळले. चित्र किती बारीक आहे यापेक्षा ते किती वेळा नवे होते, हे अशा खेळांत अधिक मोलाचे ठरते.

यापुढची पायरी २०१९ मध्ये एनव्हिडियाच्या संशोधकांनी मांडलेल्या निष्कर्षात दिसते. नेम साधण्याच्या कामात, ६० हर्ट्झच्या पुढे रिफ्रेश दर वाढवण्यापेक्षा माउस हलवल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा विलंब कमी करणे अधिक उपकारक ठरते, असे त्यांना आढळले. उच्च दराच्या पडद्याचा फायदा काही अंशी या विलंबाच्या घटीतूनच येतो, कारण नव्या चौकटीला पडद्यावर येण्यासाठी कमी वाट पाहावी लागते. हा विलंब आणि बिंदूचा प्रतिसादकाल या एकच गोष्टी समजण्याची चूक वारंवार होते. मॉनिटरमधील चित्रप्रक्रियेमुळे कित्येक मिलिसेकंद उशीर होत असतानाही त्याच्या बिंदूंचा प्रतिसादकाल अत्यल्प असू शकतो.

८. निवडीसंबंधी काही विचार

वरील विवेचनाचा व्यावहारिक अर्थ उपयोगानुसार बदलतो. नेमबाजी वा शर्यतीच्या खेळांत उच्च रिफ्रेश दर, कमी विलंब व त्यास साजेसे ग्राफिक्स कार्ड यांना अग्रक्रम द्यावा लागतो. बुद्धिबळ, कोडी अथवा व्यूहरचनेच्या खेळांत ६० ते ७५ हर्ट्झ पुरतात. ॲनिमेशन व दृश्यरचना शिकवणाऱ्या प्रयोगशाळेत रंगांची अचूकता अधिक महत्त्वाची असल्याने मध्यम दराचे चांगले आयपीएस पॅनेल श्रेयस्कर ठरते.

जोडणीची तारही दुर्लक्षून चालत नाही. ३८४० × २१६० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूस २४ बिट, सेकंदाला १४४ वेळा पाठवायचे झाल्यास सेकंदाला सुमारे २८.७ गिगाबिट माहिती वाहून न्यावी लागते. एचडीएमआय २.० ची एकूण क्षमता १८ गिगाबिट आहे, तर २०१७ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ ची कमाल क्षमता ४८ गिगाबिट आहे. माहितीचे संक्षेपण न करता असे चित्र जुन्या जोडणीतून पाठवता येत नाही. याशिवाय नवा मॉनिटर जोडल्यावरही संगणकाच्या मांडणीत दर ६० हर्ट्झवरच राहिल्याची उदाहरणे विरळ नाहीत. खरेदी झाली, बिल मंजूर झाले, पण १४४ हर्ट्झचा पडदा वर्षानुवर्षे ६० वरच चालला, असे होऊ नये यासाठी ही मांडणी पहिल्याच दिवशी तपासावी.

मापनातील गोंधळ कमी करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. २०२२ मध्ये व्हेसाने ‘क्लिअरएमआर’ हे मानक जाहीर केले. केवळ वेळ न मोजता हलत्या चित्रातील स्पष्ट व धूसर बिंदूंचे गुणोत्तर त्यात तपासले जाते. दरपत्रक मागवताना अशा प्रमाणनाची, किंवा निदान प्रतिसादकालाचे मापन कोणत्या पद्धतीने केले याच्या लेखी खुलाशाची अट घालणे हितावह ठरेल.

९. निष्कर्ष

१. रिफ्रेश दर हे पडदा किती वेळा नवा होतो याचे, तर प्रतिसादकाल हे प्रत्येक बिंदू किती लवकर बदलतो याचे माप आहे. ६.९४ मिलिसेकंदांनी नवे होणारे चित्र १२ मिलिसेकंद घेणाऱ्या बिंदूंवर दाखवले, तर उच्च दराचा बराचसा लाभ वाया जातो.

२. बिंदू कितीही वेगवान असले तरी चौकट जितका वेळ पडद्यावर थांबते तितका धूसरपणा उरतोच. तो घटवण्यासाठी उच्च दर किंवा क्षणिक प्रकाश, यांपैकी एकाचा अवलंब करावा लागतो.

३. ‘१ मिलिसेकंद’ या आकड्याला मापनपद्धतीच्या उल्लेखाशिवाय तुलनात्मक मूल्य नाही.

४. ग्राफिक्स कार्ड, जोडणी, पडदा व बिंदू ही एक साखळी असून दृश्याची गुणवत्ता तिच्यातील सर्वांत दुबळ्या कडीवर ठरते.

खोक्यावरील आकडा पडद्याच्या एका क्षमतेची साक्ष देतो. दृश्यानुभव मात्र या सर्व क्षमतांच्या मेळातून आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून घडतो. तेव्हा निवड करणाऱ्याने आकडा किती लहान वा मोठा, हे पाहण्यापूर्वी तो कशाचा आहे, हे विचारणे उचित होय.